न कळणाऱ्या देवाची ओढ

जेष्ठात आमची दिंडी जुन्नरहून आळंदीकडे निघाली होती. नारायणगाव मागे पडले आणि एका तरुण माळकऱ्याने चालता चालता मला विचारले, "बाबा, ख्रिस्ती लोक म्हणतात, देव कोणाला दिसला नाही, बुद्धीला तो कळत नाही. आणि तेच लोक म्हणतात, देवावर सगळ्या जिवाभावानं प्रेम करा. जो दिसत नाही, कळत नाही, त्याच्यावर प्रेम बसणार कसं? आपलं बरं आहे. आपला विठोबा समोर उभा आहे."

ऊन होते, पाय दुखत होते. मी म्हटले, "अरे, त्यांचं आणि आपलं एकच." तो गप्प बसला. पण मुक्कामाला पाठ टेकल्यावर माझे मलाच उत्तर टोचू लागले. "एकच" म्हणणे सोपे असते. त्यात दुसऱ्याचे ऐकून घ्यावे लागत नाही आणि आपलेही तपासून पाहावे लागत नाही. त्या मुलाचा प्रश्न खरा होता. वारीहून परतल्यावर त्याच प्रश्नासाठी मी तीन मराठी ग्रंथ काढून बसलो. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण', रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची 'अभंगांजली' आणि लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे'. तिघेही ख्रिस्ती आणि तिघांची वाणी मराठी. पहिला गोव्याचा, पुढचे दोघे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात राहिलेले. या तीन ग्रंथांतून मला जे उमगले ते वाचक माउलींपुढे ठेवतो.

आधी आपल्या तालुक्यातली एक गोष्ट आठवू. ओतूरला मांडवी नदीच्या काठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबारायांना याच सद्गुरूंनी अनुग्रह दिला, अशी आपली श्रद्धा आहे. हा अनुग्रह कसा झाला, ते तुकोबारायांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. जागेपणी भेट नाही, स्वप्नात भेट. सद्गुरूंनी मस्तकावर हात ठेवला, पावशेर तूप मागितले, ते द्यायचे राहून गेले, आणि काही अंतराय येऊन ते त्वरेने निघून गेले. मागे राहिले ते त्यांच्या परंपरेतले नाव आणि 'राम कृष्ण हरी' हा मंत्र. सद्गुरू कोण, कुठले, का आले, का गेले, यातले काही नीट कळायच्या आत मंत्र हाती आला. तुकोबारायांनी कळण्याची वाट पाहिली नाही. आयुष्यभर तो मंत्र घेतला.

ओतूरचा रस्ता आळेफाट्यावरून पुढे नगरला जातो. त्या नगरात टिळक राहिले. टिळकांचा जन्म १८६१ मधला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे काम केले, 'ज्ञानोदय' पत्रात लिहिले, कीर्तने केली, अभंग रचले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे ते बोलत. हे बोलणे ख्रिस्ती लोक आनंदाने सांगतात आणि आपल्यातले काहीजण ते ऐकून नाराज होतात. मला दोन्ही समजते. पण सेतूला दोन तीर असतात, आणि या सेतूचा अलीकडचा तीर ओतूरच्या घाटावर आहे. त्यामुळे पलीकडे काय आहे याची चौकशी करणे आपल्याला परके नाही. गी देलरी नावाचे एक फ्रेंच जेसुइट पाद्री याच सेतूवरून आपल्या बाजूला आले. त्यांनी आपला संप्रदाय जवळून पाहिला, तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि विठ्ठलभक्तीवर लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापला. वाट दोन्हीकडून चालती आहे.

आता मूळ प्रश्न. ख्रिस्ती धर्मात देव कळत नाही म्हणतात, म्हणजे नेमके काय म्हणतात?

बायबलात मोशेची कथा आहे. मोशे देवाला म्हणतो, तुझे तेज मला दाखव. देव म्हणतो, माझे मुख पाहून कोणी माणूस जिवंत राहणार नाही. मग तो मोशेला खडकाच्या कपारीत उभा करतो, वरून आपला हात झाकतो आणि पुढे निघून गेल्यावर हात काढतो. मोशेला पाठमोरे दर्शन घडते. ही कथा वाचताना आपल्याला गीतेचा अकरावा अध्याय आठवल्याशिवाय राहत नाही. अर्जुनाने विश्वरूप मागितले, ते मिळाले, आणि तो थरथर कापू लागला. हात जोडून म्हणाला, देवा, तुझे ते आधीचे सौम्य रूप दाखव. ज्ञानोबारायांनी हा प्रसंग किती मायेने रंगवला आहे, हे ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला सांगायला नको. दोन्ही कथांतले मर्म असे, की देव सगळा दिसला तर माणसाला पेलत नाही. त्याचे लपणे हीसुद्धा कृपाच.

दुसरी गोष्ट संत ऑगस्टीनची. हे उत्तर आफ्रिकेतले मोठे ख्रिस्ती आचार्य. इसवी सन ४३० मध्ये ते वारले. देव एक असून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तीन कसा, याचा उलगडा करत ते समुद्रकाठी चालले होते, अशी आख्यायिका आहे. वाळूत एक मूल खड्डा करून शिंपल्याने समुद्राचे पाणी त्यात ओतत होते. "काय करतोस?" "समुद्र या खड्ड्यात भरतोय." "अरे, तो मावेल का?" मूल म्हणाले, तुमच्या डोक्यात देव मावण्याआधी माझ्या खड्ड्यात समुद्र मावेल. आपल्या कोणत्याही कीर्तनात ही गोष्ट शोभून दिसेल.

तिसरी गोष्ट मात्र आख्यायिका नव्हे. तेराव्या शतकात, म्हणजे ज्ञानोबारायांच्या जन्माच्या आसपासच, युरोपात थॉमस अक्वायनस नावाचे प्रकांड पंडित होते. देवाविषयी त्यांनी ग्रंथावर ग्रंथ लिहिले. १२७३ च्या डिसेंबरात उपासना करताना त्यांना काही अनुभव आला आणि त्यांनी लेखणी खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. लोकांनी विचारले तेव्हा सांगितले, की जे पाहिले त्यापुढे माझे सगळे लिखाण काडीकचऱ्यासारखे वाटते. पुढल्या शतकात इंग्लंडात एका अज्ञात साधकाने लहानसा ग्रंथ लिहिला. देव आणि जीव यांच्यामध्ये अज्ञानाचा एक ढग आहे, विचाराने तो भेदत नाही, प्रेमाच्या बाणाने मात्र भेदतो, असे त्याचे सार. बुद्धीच्या हाती देव लागत नाही, प्रेमाच्या हाती लागतो.

'नेति नेति' ऐकत मोठे झालेल्या आपल्याला यात धक्का बसण्यासारखे काही नाही. पण तरुण माळकऱ्याचा प्रश्न अजून उरलाच आहे. प्रेमाने लागतो, हे खरे. पण ते प्रेम बसावे कसे? इथे मराठी ग्रंथ मदतीला येतात, कारण तिथे हा सिद्धान्त माणसांच्या तोंडी येतो.

'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. कर्ते फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. १५७९ मध्ये गोव्यात आले आणि तिथेच त्यांचा देह पडला. या परदेशी माणसाने मराठीत सुमारे ११,००० ओव्या लिहिल्या. मूळ छपाई रोमन लिपीत. पुढे १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ मध्ये पुण्यात देवनागरीत आले. ग्रंथाच्या आरंभी नमन आहे, स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, मराठी भाषेचा मोठा गौरव आहे. ग्रंथाचे निमित्तही हृदयाला भिडणारे आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग वाचायला दुसरे काही का देत नाही? त्या मागणीतून हे पुराण उभे राहते.

स्टीफन्सची ओवी जिथे कथा सांगते तिथे ती आपली वाटते. येशूचा गोठ्यातला जन्म, मरियेचे दुःख, क्रुसावरचे मरण, हे वाचताना परका कर्ता आपण विसरतो. पण जिथे ती देवाचे स्वरूप समजावू लागते, तिथे मला अडचण जाणवते. शिष्य विचारतो, गुरू उत्तर देतो. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. देव बुद्धीपलीकडचा आहे हेसुद्धा बुद्धीला पटवून दिले जाते. गुरू क्वचितच अडखळतो. आपल्या ज्ञानोबारायांनीही समजावले आहे, किती समजावले आहे! पण मध्येच ते निवृत्तिनाथांकडे वळतात, श्रोत्यांकडे लडिवाळपणे काही मागतात, 'अमृतानुभवा'त तर शब्दालाच बाजूला सारतात. स्टीफन्सच्या पुराणात तो संकोच कमी आहे.

आणि एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे राजसत्तेच्या जोरावर पाडली गेली होती. ज्या ब्राह्मणाने पुराण मागितले, त्याच्या घरातली पोथी आधी हिरावली गेली होती. स्टीफन्स स्वतः प्रेमळ होता, मराठीचा सच्चा भक्त होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच्या मागे तलवार होती. जो देव कोणाच्याही बुद्धीत मावत नाही, तो आमच्याच बुद्धीत पुरता मावला आहे अशी खात्री असल्याशिवाय दुसऱ्याचे देऊळ पाडता येत नाही. म्हणजे देऊळ पाडणाऱ्याने स्वतःच्याच आचार्यांचे ऐकले नव्हते. समुद्रकाठचे ते मूल त्याने पाहिले नव्हते. 'ख्रिस्तपुराणा'वरचा माझा मोठा आक्षेप हा आहे आणि तो ख्रिस्ती शिकवणीच्या आतूनच निघतो.

टिळकांकडे आलो की हवा बदलते. स्टीफन्सने ओवी घेतली, टिळकांनी अभंग घेतला. हा फरक छंदापुरता नाही. ओवी देवाविषयी सांगते, अभंग देवाला सांगतो. तुकोबारायांचा अभंग देवाशी भांडतो, रुसतो, त्याला बोल लावतो, त्याच्या दारात धरणे धरतो. टिळकांनी तुकोबांकडून हेच उचलले. ते ख्रिस्ताला गुरू म्हणतात आणि माउली म्हणतात. पुरुष असलेल्या ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारणे युरोपातल्या किती ख्रिस्ती लोकांच्या ओठी आले असते? ज्ञानोबांना, विठोबाला आई म्हणणाऱ्या मातीत वाढलेल्या माणसाच्या तोंडून ते सहज निघाले.

इथे मला प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडले. लहान मुलाला आई कळत नाही. तिचे नाव, वय, माहेर, तिच्या मनातले दुःख, काही काही कळत नाही. पण ते हाक मारते. हाक मारायला कळावे लागत नाही, गरज असावी लागते. देवाविषयी बोलणाऱ्याला आधी देव कळावा लागतो. देवाशी बोलणाऱ्याला नाही. टिळकांच्या चांगल्या अभंगांत हे ठायी ठायी दिसते. त्यांचे सगळे अभंग त्या उंचीचे नाहीत. उपदेश करायला लागले की तेही 'विषयी' बोलू लागतात आणि अभंगाचा जीव जातो. मिशनच्या कामासाठी रचलेल्या पदांत हे जास्त जाणवते. जिथे ते एकटे आणि कासावीस आहेत, तिथे ते तुकोबांचे शिष्य शोभतात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले. शेवटी शेवटी ते सेतूवर परत मध्यभागी येऊन उभे राहिले होते, असे मला वाटते.

उत्तराचे उरलेले अर्धे लक्ष्मीबाईंनी दिले, आणि ते देतो आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

'स्मृतिचित्रे' हा काही धर्मग्रंथ नव्हे. एका बाईने आपल्या संसाराची सांगितलेली हकिकत आहे, १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेली. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या घरात वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचा अतिरेक होता, त्यात त्या वाढल्या. लहानपणी लग्न झाले आणि नवरा मिळाला तो टिळकांसारखा. तापट, भोळा, उदार, कधी न सांगता घर सोडून निघून जाणारा, हातातले दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा. तो कधी काय करील, याचा थांग त्यांना कधी लागला नाही. आणि एक दिवस बातमी आली की नवरा ख्रिस्ती झाला. त्या काळी हे बायकोला जिवंतपणी वैधव्य आल्यासारखेच होते. काही वर्षे त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे जायचे ठरवले. त्याचा धर्म पटला म्हणून गेल्या नाहीत. तो त्यांचा होता म्हणून गेल्या. सुरुवातीला आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवून राहिल्या.

या पुस्तकाची थोरवी सांगताना समीक्षक त्यातला विनोद आणि भाषेचा साधेपणा सांगतात. ते खरेच आहे. पण वारकरी वाचकाने आणखी एक पाहावे. हे पुस्तक म्हणजे न कळणाऱ्यावर प्रेम कसे करावे याचा पाठ आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याला समजून घेऊन मग प्रेम करत नाहीत. त्या चिडतात, रडतात, हसतात, त्याची फजिती वाचकाला सांगतात, पण त्याला सोडत नाहीत. वर्षानुवर्षे सोबत राहून त्यांना तो थोडा थोडा उलगडतो, आणि जितका उलगडतो तितका अधिक अथांग वाटतो. त्या संसारातून त्यांना जे उमगले ते अक्वायनसच्या पोथ्यांतून कोणाला मिळाले नसते. आधी समजणे आणि मग प्रेम, असा क्रम नसतोच. आधी राहणे, राहता राहता प्रेम, आणि प्रेमाने जे कळते तेच कळणे.

त्यांचे मन धर्माकडे वळले तेही असेच. जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला, हे त्यांना कोणी वादात हरवून पटवले नाही. विचार करता करता त्यांचे त्यांनाच एके दिवशी लख्ख दिसले आणि त्यांनी ठरवले, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे प्यायचे. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे न दिसणारा देव त्यांच्या घरी आला तो आधी दिसणाऱ्या माणसाच्या हातचे पाणी होऊन आला. टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' याच शाळा न शिकलेल्या बाईने पुढे नेले.

बायबलात योहानाचे एक पत्र आहे. त्यात म्हटले आहे, की देव कोणी कधी पाहिला नाही. पण डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर ज्याचे प्रेम नाही, त्याचे न दिसणाऱ्या देवावर प्रेम असूच शकत नाही. हे वाचले आणि मला पुंडलीक आठवला. पुंडलीक देवाला शोधायला गेला नव्हता. तो दिसणाऱ्या आईवडिलांचे पाय चेपत होता. देवच दारी आला, आणि पुंडलीकाने मागे वीट सरकवून त्याला थांबायला सांगितले. देव थांबला. वारकऱ्याचा विठोबा समोर उभा आहे तो यामुळे. मूर्ती आहे म्हणून प्रेम सोपे झाले असे नाही. आधी दिसणाऱ्या माणसावरचे प्रेम होते म्हणून देव समोर येऊन उभा राहिला.

म्हणून, माझ्या तरुण सोबत्या, तुझ्या बोलण्यातले "आपलं बरं आहे" हे मला जपून घ्यावेसे वाटते. मूर्ती समोर असून चोखोबांना आत जाता आले नाही. त्यांची समाधी महाद्वारापाशी, बाहेर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा पंढरीच्या मंदिराचे दार सगळ्यांना उघडले. त्यांनी साष्टीत देवळे पाडली, आपण पंढरीत दार लावले. दोन्हीकडे चूक एकच होती. देव आमच्या मुठीत आहे ही खात्री. जो मुठीत येतो तो देव नव्हे, हे त्यांचे आचार्य सांगत होते आणि आपले संतही सांगत होते.

मग "त्यांचं आणि आपलं एकच" हे माझे उत्तर बरोबर होते का? नाही. फरक आहे आणि तो पुसू नये. ख्रिस्ती भाविकाला अगम्य देव एकाच माणसात, एकाच काळी, क्रुसावर मरण पत्करून प्रकट झालेला दिसतो. तिथे सगळा भर त्या एकदाच घडलेल्या गोष्टीवर आहे. आपला पांडुरंग अठ्ठावीस युगे उभा आहे, निर्गुणही तोच आणि सगुणही तोच. नामदेवरायांचीच कथा घ्या. सगुणाच्या प्रेमात बुडालेल्या नामदेवांना गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरवले, विसोबा खेचरांनी देव नाही अशी जागाच नाही हे दाखवले. एवढे कळल्यावर नामदेवराय कुठे गेले? पुन्हा पंढरीला. आणि मागितली काय, तर महाद्वाराची पायरी. ज्ञान झाल्यावरही पायांची धूळ मागणे, ही आपली खास चाल आहे. टिळकांना तुकोबांच्या सेतूवरून चालताना वेगळा तीर दिसला, आपल्याला त्याच सेतूवर थांबून चंद्रभागा दिसते. ज्याचा थांग कोणालाच नाही त्याच्याविषयी शेवटचा निवाडा आपण का करावा? प्रेम मात्र करावे, आणि दुसऱ्याचे प्रेम ओळखावे.

शेवटी पुन्हा आपल्याच तालुक्यात येऊ. आळ्याला रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानोबारायांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेवर इथे थांबला, असे आपण मानतो. विचार करा, त्या रेड्याला वेद कळला होता का? त्याला एक ओळही कळली नसेल. ज्ञानोबांचा हात पाठीवर होता, तेवढेच त्याला कळले असेल. पैठणच्या विद्वानांना वेदाचे अर्थ माहीत होते, त्यांच्यातल्या कोणाची समाधी आपण पुजत नाही. ज्याला काही कळले नाही त्याच्या समाधीपुढे आजही आपण माथा टेकवतो.

त्या तरुणाची गाठ पुढच्या वारीत पडेलच. त्याला मी आता सांगणार आहे, बाळा, देव कळत नाही म्हणून थांबू नकोस. त्याला हाक मार, आणि शेजारून चालणाऱ्या थकलेल्या म्हातारीचं बोचकं जरा उचलून घे. न दिसणाऱ्यावर प्रेम कसं बसतं, ते पंढरी येईपर्यंत तुझं तुलाच कळेल.

राम कृष्ण हरी.